बाईंचा गोळीबंद पाक

घाटंजीच्या बाजारातून घरी येताना बाई हमखास चुकायच्या. गाव ते केवढं, गल्ल्या त्या किती. पण कापडाच्या दुकानांपाशी आल्या की त्या भलतीकडे वळायच्या आणि थेट कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोर जाऊन उभ्या राहायच्या. तिथला चौकीदार आता सवयीचा झाला होता. तो न विचारता हात करून वाट दाखवायचा, बाई "हाव, मालूम आहे मले" असं म्हणायच्या आणि मागं फिरायच्या. अशा या बाई मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवत. प्रशांत महासागराच्या तळाशी कुठला डोंगर कुठं उभा आहे हे त्या डोळे मिटून सांगत, आणि ते बरोबर असे.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि राहायलाही त्यांच्याच घरातली पुढची खोली मिळाली. म्हणजे दिवसा त्या माझ्या सहकारी आणि संध्याकाळी घरमालकीण. दोन्ही नात्यांत त्यांनी मला सारखंच छळलं. हे मी मायेनं म्हणते आहे, पण छळलं हा शब्द मागं घेत नाही.

बाई दारव्ह्याकडच्या. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, लग्न न केलेल्या, अंगानं काडी, आवाज मात्र शाळेच्या घंटेवर मात करणारा. चूक कानावर पडली की ती जागच्या जागी दुरुस्त केल्याशिवाय त्यांना पुढचा श्वास घेता येत नसे. समोर कोण आहे, प्रसंग कोणता, याचा विचार त्या करायच्याच नाहीत. एकदा राममंदिरात कीर्तन होतं. बुवा रंगात आले होते. वानरसेना किनाऱ्यावर येऊन थांबली, आणि "पुढं पाहतात तो अथांग सागर" असं म्हणून बुवांनी झांज वाजवली, तोच बायकांच्या घोळक्यातून बाई उठल्या.

"बुवा, कथा चालू द्या. फक्त अथांग म्हणू नका. समुद्राचा थांग लागते. मोजला आहे."

बुवा भले होते. "बरं माय," म्हणून त्यांनी पुढचं पद घेतलं आणि बाई समाधानानं खाली बसल्या. मराठी शिकवणाऱ्या बाईंशी मात्र त्यांचं याच शब्दावरून कायमचं वाकडं आलं, कारण मुलींचे निबंध हाती लागले की भूगोलाच्या बाई त्यातले सगळे 'अथांग' तांबड्या शाईनं कापून तिथं 'खोल' लिहीत.

त्यांनी स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. सुट्टीत एकदा मुंबईला जाऊन या, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "मुंबईले जाऊन काय दिसन? वरचं पाणी. वरचं पाणी तर विहिरीतबी दिसते."

खालचं पाणी हा त्यांचा विषय. त्यातही पाण्याखालचा ज्वालामुखी. आमच्या पुस्तकात त्याला जेमतेम चार ओळी होत्या. बाई त्याला सबंध श्रावण देत. बाहेर पाऊस, वर्गात कोंदट अंधार, आणि बाई फळ्याला पाठ लावून सांगताहेत. शेजारच्या वर्गात मी मुलींना कमळ काढायला लावायचे आणि स्वतः भिंतीला कान देऊन उभी राहायचे.

"जमिनीवरचा ज्वालामुखी म्हणजे बोंबल्या माणूस," त्या सांगायच्या. "धूर काढते, आवाज करते, साऱ्या दुनियेले खबर देते. पाण्याखालचा मुकाट्यानं काम करते. वर एवढं पाणी दाबून बसलं राह्यते का वाफेलेबी उसळता येत नाही. खालून वितळलेला खडक निंगते. थंड पाणी लागलं का वरून साल धरते, आत पातळच राह्यते. मंग मागून रेटा येते. साल फाटते, अन् बाजूले दुसरा गोळा निंगते. त्याच्यावर तिसरा. असा गोळ्यावर गोळा बसून डोंगर उभा राह्यते. कोणी पाह्याले नाही, कोणी टाळ्या वाजवाले नाही, तरी तो थांबत नाही."

हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. भूगोल संपून काहीतरी घरचं सुरू झालं आहे, असं वाटायचं.

मग त्या डोंगरावर राहायला कोण कोण येतं ते सांगत. आधी डोळ्यांना न दिसणारे बारके जीव. त्यांची बुळबुळीत साय खडकावर धरते. मग त्या सायीवर पोसणारे, मग खडकाला चिकटून बसणारे शिंपले, स्पंज, प्रवाळ, मग त्यांच्या सांदीत खेकडे आणि तारामासे. "अन् मासे काहून येते? आपल्या गावचा बाजार इथंच काहून भरते? चार वाटा इथं भेटते म्हणून. तसाच समुद्रातला प्रवाह डोंगराले अडते अन् वर चढते. खालचं खाणं वर आणते. मंग माशांचा बाजार भरते."

स्पंजाचं प्रकरण एकदा अंगाशी आलं. मुली पाटी पुसायला स्पंज वापरत. तो कधीकाळी समुद्रातला जिवंत प्राणी होता, हे कळल्यावर सहावीच्या मुलींनी तो हातात धरायचं नाकारलं आणि सगळा वर्ग थुंकी लावून पाट्या पुसू लागला. मुख्याध्यापिकाबाईंनी बाईंना बोलावून घेतलं. बाई म्हणाल्या, "मी खोटं कसं सांगू? तो जीवच आहे." शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतःच्या खर्चानं वर्गाला फडकी आणून दिली.

माझ्या वाट्याला आलं ते मांजरपाट. भिंत व्यापेल एवढं कापड बाईंनी आणलं आणि त्यावर पाण्याखालचा ज्वालामुखी काढून मागितला. मला हुरूप आला. मी निळं पाणी रंगवलं, तांबडा रस, नारिंगी मासे, हिरव्या वेली. बाई आल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"हा उजेड कुठून आला?"

"कसला उजेड?"

"तळाचे मासे दिसून राह्यले ना तुह्ये. ऊन एवढं खोल जात नाही. काळं कर."

"सगळं काळं केलं तर मुलींना दिसणार काय, बाई?"

"दिसत नाही म्हणून सांगायचं. नाहीतर पोट्ट्यांले वाटन, जे दिसत नाही ते राह्यतच नाही."

मी रडकुंडीला येऊन काळं केलं. गावातल्या दुकानातला काळा रंग संपला, तेव्हा दिव्याची काजळी खलून लावली. कापडाचा वरचा पट्टा तेवढा निळा राहिला. डोंगराचा माथा त्या निळ्यात पोचत होता, तिथं प्रवाळ आणि मासे काढायची परवानगी मिळाली. बाकी अंधार. एका मुलीच्या वडिलांनी ते पाहून, शाळेनं छत्रीचं कापड भिंतीला का लावलं, असं विचारलं. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात मोठं चित्र, आणि त्यात बघण्यासारखं काही नाही, याचा मला फार राग होता. आता नाही. पुढं मी पुष्कळ चित्रं काढली, पण दुसऱ्या कुठल्या चित्रापुढं मुली इतका वेळ डोळे ताणून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या नाहीत.

सहल असली की बाई मुलींना देवळाला नेत नसत. गावाबाहेर तांड्याच्या पलीकडे एक ओढा आहे, त्याच्या काठाला काळ्या गोलगोल दगडांची एक उतरंड आहे. एकावर एक पोती रचावीत तसे ते दगड बसलेले. आम्ही बैलगाड्यांनी गेलो. मुली भाकऱ्या सोडून बसल्या तेव्हा तांड्यावरची एक म्हातारी आमच्यापाशी आली. तिची नात आमच्याच शाळेत शिकायला यायची. मुली तिला तांड्याच्या रीतीनं याडी म्हणत, याडी म्हणजे आई, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. तिनं त्या दगडांची गोष्ट सांगितली. तिचे पूर्वज बैलांवर गोण्या लादून समुद्राकाठचं मीठ इकडं आणत. वाटेत देव भिकाऱ्याच्या रूपानं आडवा आला. गोणीत काय आहे म्हणून त्यानं विचारलं. मीठ द्यायला लागू नये म्हणून पुढचा लमाण म्हणाला, "भाटा छ." दगड आहेत. देव म्हणाला, बरं, दगड तर दगड. त्या ह्या गोण्या.

मला धास्ती पडली, की बाई आता म्हातारीला दुरुस्त करणार. त्यांनी केलंच, पण निराळ्या तऱ्हेनं. त्या म्हातारीजवळ मांडी घालून बसल्या.

"याडी, तुह्यी गोष्ट मले पसंत आहे. गोण्याच आहे ह्या. आतून भरल्या, वरून शिवल्या गेल्या. फक्त मीठ नव्हतं आत. उकळता खडक होता, अन् इथं पाणी होतं."

"समुद्र होता का इथं?" याडीनं विचारलं.

"नाही. समुद्र म्हणालो तर खोटं होईन. तळं असन मोठं. त्याच्यात तो रस शिरला. पण समुद्राच्या तळालेबी ह्याच गोण्या आहे, डोंगर-डोंगर भरून."

याडीनं एका दगडावर हात फिरवला आणि म्हणाली, "मंग देव बी पान्यातच व्हता म्हना."

"त्याचं मले मालूम नाही," बाई म्हणाल्या. त्यांना जे माहीत नसे ते त्या तसं स्पष्ट सांगत.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष गावातल्या जिनिंगचे मालक होते. माणूस वाईट नव्हता. शाळेची इमारत त्यांनी पदरमोड करून उभी केली होती. फक्त मुलींनी नववीनंतर काय करायचं हे त्यांना आधीपासूनच माहीत होतं. बाईंशी त्यांचं जमत नसे, आणि त्याला बाईही थोड्याबहुत जबाबदार होत्या. शाळेच्या समारंभात अध्यक्ष म्हणाले, आपली काळी माती म्हणजे देवाची देणगी. बाई खालून म्हणाल्या, "ज्वालामुखीची." त्यांनी ते हळू म्हटलं असं त्यांचं म्हणणं. मी सर्वांत मागं उभी होते आणि मला ऐकू आलं होतं.

त्रेसष्ट साली हिवाळ्याच्या तोंडाशी नागपूरच्या वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात बातमी आली. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशाजवळ भर समुद्रातून धूर निघू लागला होता, आणि बघता बघता पाण्यातून काळं बेट वर आलं होतं. बाईंनी ती बातमी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला वाचून दाखवली. मग कागदाची घडी करून म्हणाल्या, "आज दिसला म्हणून छापला. हा कधीचा पाण्याखाली काम करून राह्यला होता." त्या दिवशी शाळेत प्रत्येक विषयाच्या तासाला मुली ज्वालामुखीबद्दलच विचारत राहिल्या. अध्यक्षांची धाकटी मुलगी आठवीत होती. ती घरी जाऊन जेवणाच्या ताटावर काय बोलली कोण जाणे, पण डिसेंबर सरता सरता शाळेच्या फळ्यावर सूचना लागली.

येत्या वर्षापासून नववीला भूगोलाच्या जागी गृहशास्त्र ठेवण्याचं संस्थेच्या मनात आहे. ज्या पालकांना भूगोल चालू राहावा असं वाटत असेल, त्यांनी समक्ष येऊन संस्थेस तसं सांगावं. पुरेसे पालक न आल्यास संस्था आपला निर्णय घेईल. दिवस दिला होता तो संक्रांतीनंतरचा, आठवडी बाजाराचा.

बाजाराचा दिवस, तोही ऐन कापसाच्या हंगामातला. गावातला आणि खेड्यावरचा एकूण एक बाप त्या दिवशी कापसाच्या गाडीवर. बैल सोडून, भाव सोडून शाळेत यायला कोण मोकळा होता? सूचना वाचूनच कळत होतं, की निर्णय झालेला आहे आणि ही नुसती रीत आहे.

मी बाईंना तसं म्हटलं. त्या फळ्यापुढं उभं राहून सूचना पुन्हा पुन्हा वाचत होत्या. ओठ हलत होते.

"बाई, त्यांनी तुम्हाला स्वयंपाक शिकवायला द्यायचं ठरवलंय."

"सैपाक वाईट नाही. पण आज भूगोल गेला तर उद्या शास्त्र जाईन, परवा गणित. मंग पोट्ट्या दुपारच्यालेच घरी जातीन अन् मंग येतीनच कायले?" आणि मग बोटानं एक शब्द दाखवून म्हणाल्या, "हे वाच. पालक. बाप लिहिलं आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून आमची फिरती सुरू झाली. संक्रांत तोंडावर आली होती आणि घरोघरी तिळगुळाची धांदल होती. बाई कुणाच्याही बैठकीत गेल्या नाहीत. मागच्या दारानं थेट चुलीपाशी. वाट चुकू नये म्हणून मी सोबत असायचे, आणि तरी एकदा आम्ही भलत्याच घरी पाटावर बसून चहा प्यायलो. त्या घरात मुलगीच नव्हती. बाईंनी तिथंही ज्वालामुखी सांगितला.

अध्यक्षांच्या घरी मी जाऊ नका म्हणाले. बाई म्हणाल्या, "त्यांची पोरगी आठवीत आहे. तिलेबी माय आहे."

अध्यक्षांच्या पत्नीला सगळं गाव वहिनी म्हणायचं. त्यांचा आवाज गावात फारसा कुणी ऐकलेला नव्हता. त्या कढईसमोर बसून गूळ हलवत होत्या. आम्हाला पाहून त्या गडबडल्या आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढू लागल्या, पण बाईंनी पाट ओढून घेतलासुद्धा.

"वहिनी, पाक झाला का?"

"होऊन राह्यला."

"झाला हे कसं कळन?"

एवढ्या शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये, अशा नजरेनं वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मग पळीनं एक थेंब घेऊन वाटीतल्या थंड पाण्यात सोडला, बोटांनी गोळा केला आणि दाखवला. "हे पाहा. गोळी झाली. गोळीबंद झाला का उतरवाचा."

"पण गोळी काहून झाली?"

"पान्यात टाकलं का होतेच ना."

"होते. पण काहून?"

वहिनी थांबल्या. आयुष्यभर पाक करणाऱ्या त्या बाईला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता हे दिसतच होतं. त्यांनी दुसरा थेंब पाण्यात टाकला, जरा मोठा. बोटानं दाबला. वरचं पापुद्र्यासारखं फुटलं आणि आतला मऊ रस बाहेर आला.

"वरून लौकर थंडा होते," त्या सावकाश म्हणाल्या. "आत गरमच राह्यते. दाबला का वरचं फुटते अन् आतलं निंगते."

"बस," बाई म्हणाल्या. "समुद्राचा तळ समजला तुम्हाले."

मग परातीत पाणी आलं. बाईंनी पळी भरून पाकाची धार त्यात सोडली. पाण्यात एकाला एक लागून काळसर गोळे धरत गेले. तिकडं हेच खालून वर येतं, आणि पाकाच्या जागी खडक असतो, एवढाच फरक, असं बाई सांगत होत्या. वहिनी परातीवर वाकल्या होत्या. मग विचारलं, "एवढ्या अंधारात, त्याच्यावर कोनी राह्यते का?"

तो प्रश्न आल्यावर बाईंचा चेहरा जो उजळला, तो मला आजही दिसतो. त्यांनी पहिल्या सायीपासून सुरुवात केली आणि पार माशांच्या बाजारापर्यंत गेल्या. मला मधेच वास आला. कढईतला गूळ करपून काळा झाला होता.

वहिनींनी कढई उतरवली. आतला कोळसा पाहिला. "नवा टाकतो," एवढंच त्या म्हणाल्या.

निघताना बाईंनी दारातून विचारलं, "वहिनी, शाळेतलं हळदीकुंकू यंदा कोणत्या दिवशी?" दरवर्षी संक्रांतीनंतर वहिनी शाळेत मुलींच्या आयांना हळदीकुंकवाला बोलवत. वहिनींनी क्षणभर बाईंकडं पाहिलं.

"बाजाराच्या दिवशी ठेवतो," त्या म्हणाल्या. "खेड्यावरच्या बायाबी येतीन."

बायकांच्या हळदीकुंकवाचा दिवस कोणता, याकडं गावातल्या कुठल्या पुरुषाचं लक्ष असतं? अध्यक्षांचंही नव्हतं.

त्या दिवशी अध्यक्ष कार्यालयात कोरा कागद पुढं घेऊन बसले होते. बाप कोणीच आला नव्हता. शेजारच्या दालनात बांगड्यांचा किणकिणाट चालला होता. बाई उठल्या आणि मधलं दार उघडलं. कपाळाला ताजं कुंकू आणि हातात वाण घेऊन एकेक बाई आत येऊ लागली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. खोली भरली. याडीला नवरा नव्हता, म्हणून ती हळदीकुंकवाला न येता ओसरीत थांबली होती. बाईंनी तिचा हात धरून तिला पुढच्या दारानं आत आणलं. "ही हळदीकुंकवाले नाही आली," त्या म्हणाल्या. "ही पालक म्हणून आली."

"हे काय चालवलं, बाई?" अध्यक्ष म्हणाले. "आम्ही पालकांले बोलावलं होतं."

"आले ना. पाळते तो पालक. पोट्ट्यांले कोण पाळते, तुम्हीच सांगा."

"शब्दाचा कीस पाडू नका."

"शब्द तुमचा आहे. मी फक्त वाचला."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ते हुशार होते. ते बाईंशी बोलायचं सोडून बायकांकडं वळले, आणि आवाज मऊ करून म्हणाले, "बरं. तुम्ही आल्या, आनंद झाला. आता तुमच्या तोंडानं सांगा. पोरीले हा भूगोल कायले पाह्यजे?"

चुलीपाशी ज्यांनी आम्हाला प्रश्न विचारून भंडावलं होतं, त्याच बायका आता खाली फरशी बघत होत्या. पदर नाकापर्यंत आले होते. याडीचे ओठ हलले, पण तिनंही शेवटी मान खाली घातली. बाई त्यांच्या वतीनं बोलू शकत नव्हत्या, आणि हे त्यांना कळत होतं. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या वेळी त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलं होतं. सगळा श्रावण, ते काळं कापड, ओढ्याकाठच्या गोण्या, सगळं त्या शांततेत बुडत चाललं होतं.

अध्यक्ष खुर्चीत मागं रेलले. "बोला ना. ह्या बाई तुमच्या पोरींले शिकवते का समुद्राखाली डोंगर पेटते. तुम्ही रोज चूल पेटवता. पाण्यात इस्तो जळते का कधी? सांगा बरं."

"जळते."

आवाज दारातून आला. वहिनी कुंकवाचा करंडा हातात धरून उंबऱ्यात उभ्या होत्या. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती.

"म्या पाह्यलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आपल्याच सैपाकघरात."

भिंतीशी उभ्या असलेल्या बायका माना वर करून बघायला लागल्या. आता जमलं, असं माझ्या मनात येतंय न येतंय तोच बाई म्हणाल्या,

"नाही वहिनी. जळत नाही."

मला वाटलं, हिचं तोंड दाबावं.

"जळाले हवा लागते," बाई सांगत होत्या. त्या थांबत नव्हत्या. "तो इस्तो नाही. वितळलेला खडक आहे. तुमचा पाक कुठं जळून राह्यला होता? कढईतला जळला, तो वेगळा. पाण्यातला नाही."

"अवो बाई," अध्यक्षच कळवळून म्हणाले, "ती तुमच्या बाजूनं बोलून राह्यली."

"बाजूनं बोलली म्हणून चुकीचं चालन का?"

वहिनींनी जरा विचार केला. "बरं," त्या म्हणाल्या. "जळत नाही. वितळला राह्यते. पन पान्यानं विझतबी नाही, हे तर खरं?"

"विझाचा प्रश्नच नाही. वरून थिजते, आतून चालूच राह्यते. ते खरं."

"मंग तेच." वहिनी आत आल्या, टेबलापाशी गेल्या आणि कागदावर बोट ठेवलं. "पोरगी माही बी आहे. लिवा मले."

"तुले?"

"पालक म्हनून लिवा."

मागून याडी पुढं सरकली. तिच्यामागं आणखी एक, मग आणखी एक. टेबलाभोवती लुगड्यांची दाटी झाली आणि हळदीचा वास आला. अध्यक्षांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा दाराकडं. वाट कुठूनच नव्हती. त्यांनी पेन उचललं आणि त्या कोऱ्या कागदावर सगळ्यांत वर स्वतःच्या बायकोचं नाव लिहायला घेतलं. बाई त्यांच्या खांद्यावरून वाकून शुद्धलेखन बघत होत्या.